एका किनाऱ्याच्या अनेक फायली

देवबागच्या एकाच कुटुंबाचे तीन कर्जअर्ज काही वर्षांच्या अंतराने माझ्या टेबलावर आले. पहिला वडिलांचा, होडीला बाहेरून लावायच्या इंजिनासाठी. दुसरा थोरल्या मुलाचा, घर दुरुस्त करून न्याहारी-निवास सुरू करण्यासाठी. तिसरा धाकट्याचा, पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटीसाठी. मी तेव्हा मालवण तालुक्यात एका बँकेचा कर्जविभाग सांभाळत होते. बँकेच्या लेखी हे तीन वेगळे धंदे होते, त्यांची तारणे वेगळी आणि फायलीही वेगळ्या. जागेची पाहणी करायला गेले तेव्हा तिन्ही फायली एकाच वाळूवर उभ्या असलेल्या दिसल्या. वडील ज्या पुळणीवर होडी ओढून ठेवत, तिथेच धाकट्याची बोट लागणार होती. थोरल्याच्या खोल्यांचे सांडपाणी ज्या वाळूत मुरणार, त्याच वाळूत घरची विहीर होती. आणि समुद्राने ती पुळण खाल्ली असती तर तिन्ही कर्जे एकाच पावसात बुडाली असती.

सरकारदरबारीही हा किनारा असाच फायलींत वाटलेला आहे, हे पुढे कामाच्या ओघात कळत गेले. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभाग देतो. पर्यटकांच्या बोटीची नोंदणी सागरी मंडळाकडे होते. धूप थांबवायला दगडी बंधारा घालायचा तर पत्तन विभागाकडे जावे लागते. खाडीतल्या वाळूचा लिलाव महसूल खाते करते. कांदळवन राखायचे काम वनविभागाच्या कांदळवन कक्षाचे आणि खारे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून घातलेले बांध खारभूमी विभागाचे. घर वाढवायचे तर ग्रामपंचायत आहे आणि तिच्यापुढे सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांचे नियम. यातला प्रत्येक जण नेमून दिलेले काम चोख करतो असे धरले, तरी खाडीतली वाळू उपसल्याने पलीकडच्या बंधाऱ्याचा पाया उघडा पडेल का, हा प्रश्न विचारणे कुणाच्याच कामात बसत नाही.

या विस्कळीतपणावरचा उपाय जगाला ठाऊक नाही असे नाही. १९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत ‘अजेंडा २१’ हा कार्यक्रम मंजूर झाला. त्याच्या सतराव्या प्रकरणात किनारी देशांनी एकात्मिक किनारपट्टी व्यवस्थापन स्वीकारावे असे सांगितले आहे. नाव जड आहे, पण मागणी साधी आहे. जमीन आणि पाणी यांचा निर्णय एकत्र घ्या, एका धंद्याला परवानगी देताना शेजारच्या धंद्याचे काय होईल ते आधी पाहा, आणि किनाऱ्यावर जे राहतात त्यांना निर्णय होण्यापूर्वी बोलवा. आपल्यासारख्या विकसनशील देशात या शेवटच्या मुद्द्याला फार वजन आहे. श्रीमंत देशातल्या माणसाला किनाऱ्यावरून उठवले तर त्याला विमा असतो, दुसरे घर असते. देवबागच्या रापणकराला, म्हणजे पुळणीवरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराला, पुळण सोडून दुसरे काहीच नाही. त्याचे पोट बाजूला ठेवून निसर्ग राखायची योजना आखली तर ती योजनाही टिकत नाही आणि निसर्गही.

देवबाग ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीच्या पुढे जमिनीची एक अरुंद जीभ समुद्रात उतरत जाते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदीची खाडी आणि टोकाला दोघांचा संगम. मधल्या पट्टीवर माड, घरे, देवळे, शाळा. ही सगळी जमीन नदीने आणलेल्या आणि समुद्राने रचलेल्या वाळूची आहे. पावसाळ्यात उंच लाटा पुळणीची वाळू ओढून थोडी आत, उथळ पाण्यात नेऊन ठेवतात. दिवाळीनंतर लाटा सौम्य झाल्या की तीच वाळू हळूहळू परत येते. शिवाय लाटा किनाऱ्याला तिरक्या लागत असल्यामुळे वाळू किनाऱ्याच्या कडेकडेने सरकत राहते. जून-जुलैत पुळण खचलेली दिसली म्हणून दर वेळी घाबरायचे कारण नसते. गेलेली वाळू परत आली नाही तर मात्र घाबरायला हवे.

वाळू परत न येण्याची कारणे बहुधा माणसाने केलेली असतात. नदीवर धरण झाले की वरून येणारी वाळू अडते. खाडीत उपसा झाला की मुखाशी साठणारा पुरवठा कमी होतो. कुठे धक्का किंवा लाटरोधक बांधला की कडेने सरकणारी वाळू त्याच्या एका अंगाला अडून साठते आणि दुसऱ्या अंगाचा किनारा उपाशी राहतो. याचे शिकवून जाणारे उदाहरण पुदुच्चेरीचे आहे. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंदरासाठी लाटरोधक बांधले गेले. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी वाळू तिथे अडली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. मग शहर वाचवायला दगड टाकले, तशी धूप आणखी उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे सरकली. अखेर २०१८च्या सुमारास चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने पाण्याखाली एक पोलादी रचना बसवून वाळू धरून ठेवण्याचा प्रयोग केला, तेव्हा शहरासमोर पुळण पुन्हा दिसू लागली. एका बंदराचा निर्णय घेताना किनाऱ्याचा उरलेला भाग नकाशावर नव्हता, त्याची किंमत तिथल्या लोकांनी कित्येक वर्षे मोजली.

आपल्या गावातला दगडी बंधारा हाही याच गणितात येतो. बंधाऱ्याला माझा विरोध नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ वादळाच्या लाटा आणि मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आमच्या किनाऱ्याला लागून गेले, तेव्हा दगड नसते तर काही घरांचे काय झाले असते हे मी जाणते. पण दगडाच्या भिंतीवर लाट आपटते, तेव्हा तिचा जोर मुरत नाही. ती परत फिरताना भिंतीच्या पायथ्याची वाळू उकरून नेते. भिंतीसमोर पुळण राहत नाही आणि भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याच्या माडांखाली खड्डा पडू लागतो. मग शेजारी बंधारा मागतो, त्याचा शेजारीही मागतो. पाहणीला गेले असताना एका म्हाताऱ्या रापणकराने मला विचारले होते, “बंधारो झालो, घर वाचला. पण रापण आता खंय ओढूची?”

हा प्रश्न बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात कुठेच नसतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे. होडी जाळे घेऊन समुद्रात अर्धगोल फिरते, एक टोक इकडे, एक टोक तिकडे, आणि दोन्ही बाजूंनी पुळणीवर उभी असलेली माणसे ते ओढत आणतात. त्यासाठी दगड नसलेली, सलग, उतरती वाळू लागते. आलेल्या बांगड्याचे, तारलीचे, पेडव्याचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. वाटेने जाणाऱ्याने ओढायला हात लावला तर त्याच्या टोपलीतही मूठभर मासळी पडते. मालवण-वेंगुर्ल्याच्या गाबित मच्छीमारांच्या वस्त्या या वाट्यांवर जगल्या. भांडवल थोडे, माणसे पुष्कळ, आणि समुद्राच्या आत फार न जाता किनाऱ्याशी येईल तेवढेच घ्यायचे. पुळणीवर दगड आले, हॉटेलांच्या खुर्च्या आल्या, बोटी बांधायचे खुंटे आले की ही पद्धत बंद पडते. ती बंद पडली याची नोंद मात्र कुठल्याच खात्यात होत नाही, कारण रापणीची जागा कुणाच्या नावे नसते.

पाण्याचीही अशीच गोष्ट. वाळूच्या पट्टीखाली पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. ढोबळ हिशेब असा, की गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ मीटर उंच असेल तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी टिकते. म्हणजे वरची पातळी उपशाने थोडी जरी उतरली तर खालून खारे पाणी कितीतरी पट वर चढते. एका घरच्या विहिरीवर हाताने पाणी शेंदायचे तोवर हा समतोल ढळत नव्हता. मोठ्या निवासांचे पंप दिवसभर चालू लागले की आधी शेजारच्या विहिरी मचूळ होतात. पर्यटनासाठी कर्ज देताना आम्ही खोल्या किती, हंगाम किती महिन्यांचा, भाडे किती येईल हे सगळे विचारायचो. खालची विहीर किती माणसांचे पाणी देईल, हा रकाना आमच्या अर्जात नव्हता. तो असायला हवा, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही माझे तेच म्हणणे आहे.

आता समुद्रात जाऊ. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढचा केंद्राच्या. पर्ससीन जाळ्यावरून इथे मोठा संघर्ष झाला. हे जाळे माशांच्या थव्याभोवती फिरवून खालून बटव्याच्या नाडीसारखे आवळतात. सगळा थवा एकदम हाती लागतो आणि किनाऱ्याकडे यायला काही उरत नाही. रापणकर आणि पर्ससीनवाले यांच्यात गोष्ट समुद्रात होड्या अडवण्यापर्यंत गेली. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या सोमवंशी समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. पर्ससीनला फक्त सप्टेंबर ते डिसेंबर मुभा आणि परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे असे ठरले. पुढे २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याने जुना कायदा दुरुस्त करून दंड वाढवले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी पश्चिम किनाऱ्यावर आधीपासून आहेच.

नियम वाचले तर वाटते की सगळे योग्य दिशेने चालले आहे. पण माझ्या टेबलावरून त्याच समुद्राची दुसरी बाजू दिसायची. यांत्रिक नौकांसाठी राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या मदतीने कर्जयोजना होत्या. डिझेलवरच्या कराचा परतावाही यांत्रिक नौकांना मिळतो. नौका जितकी मोठी, तितके डिझेल जास्त, तितका परतावा जास्त. रापण ओढणाऱ्याला परताव्यासारखे काही मिळायचा प्रश्नच नाही, त्याच्या जाळ्याला डिझेल लागत नाही. म्हणजे एक खाते मासेमारीचा जोर कमी करायला नियम करते आणि दुसरी योजना त्याच जोराला इंधन पुरवते. दोघांचेही हेतू प्रामाणिक असतात. दोघे एका टेबलाशी बसत नाहीत, एवढेच. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळू लागले, हे मला फार महत्त्वाचे वाटले, कारण त्यात मासे विकणाऱ्या बायकांना, जाळी विणणाऱ्याला, छोट्या होडीवाल्याला भांडवल मिळायची वाट होती. अशा योजनांचा सरकारी पैसा मोठ्या नौकांकडून लहानांकडे वळवला तर नियम राबवायला पोलिसी बळ कमी लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

खाती एकत्र आली की काय होऊ शकते याचा एक चांगला प्रयत्न सिंधुदुर्गातच झाला. त्याआधी एक फसलेला प्रयत्न सांगायला हवा. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचे खडक, त्यांवरची प्रवाळे, समुद्री शेवाळ, माशांची पिल्ले वाढायच्या कपारी हे सारे त्यात येते. ते राखण्याजोगे आहे याविषयी शंका नाही. पण ज्यांच्या होड्या रोज त्या पाण्यातून जातात त्यांना ही रेघ आखून झाल्यावर कळली. आपली मासेमारी बंद होणार म्हणून लोक उठले आणि अभयारण्य वर्षानुवर्षे बरेचसे कागदावर राहिले. ‘अभयारण्य’ या एका शब्दाने इथल्या वस्त्यांत जो अविश्वास रुजला, तो नंतरच्या प्रत्येक चांगल्या योजनेच्या वाटेत आडवा आला.

२०१२च्या आसपास जागतिक पर्यावरण निधी, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि राज्य शासन यांनी मिळून सिंधुदुर्ग किनाऱ्यासाठी प्रकल्प सुरू केला, तेव्हा वेगळी वाट धरली गेली. मासेमारी, पर्यटन, शेती या धंद्यांतच निसर्गाची राखण बसवायची असा त्याचा रोख होता. ट्रॉलरवाल्यांना चौकोनी आस, म्हणजे चौकोनी छिद्रे असलेली जाळी दिली गेली. नेहमीच्या जाळ्याची आस शंकरपाळ्याच्या आकाराची असते, जाळे ओढताना ताण आला की ती मिटते आणि बोटभर पिल्लेही आत अडकतात. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते, पिल्ले सुटून जातात. त्यामुळे जाळे ओढायला हलके पडते आणि वर आलेली मासळी निवडायचा वेळ वाचतो. ट्रॉलरवाल्याने ते स्वीकारायचे तर निसर्गप्रेम आधी लागत नाही, हिशेब पटला की पुरते. खाड्यांत कालवांचे, शिनाण्यांचे तरंगते ताफे लागले. कांदळवनात कुंपण घालून खेकडे पाळायचे गट झाले. खेकड्यांची पिल्ले तमिळनाडूच्या उबवणकेंद्रातून आणावी लागत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवू लागल्या, प्रत्येक झाडाचे नाव आणि काम सांगू लागल्या. ज्या झाडांचा पूर्वी सरपण म्हणूनच विचार व्हायचा, ती उभी ठेवण्यात घरखर्च निघू लागला. २०१७ मध्ये राज्याने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका यांची जोड घालणारी योजना काढली, तिच्यात हाच धागा आहे.

बँकेत मात्र अशा गटांची फाइल अडायची. खेकड्यांचे कुंपण सरकारी कांदळवनात, म्हणून तारण नाही. गटाकडे सातबारा नाही. पुरात कुंपण वाहून गेले तर विमा नाही. निसर्ग राखून करायचा धंदा कागदावर सगळ्यात जोखमीचा ठरतो आणि काँक्रीटची इमारत सगळ्यात सुरक्षित. एकात्मिक व्यवस्थापनाच्या चर्चेत शास्त्रज्ञ असतात, अधिकारी असतात, कधी मच्छीमारही असतात. तिथे बँकांना आणि विमा कंपन्यांनाही बसवले पाहिजे. किनाऱ्यावर उद्या काय उभे राहणार हे पुष्कळदा कर्जाच्या मंजुरीत ठरते.

कायद्याच्या बाजूचा प्रवास थोडक्यात असा. १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत बांधकामे नकोत असे कळवले. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना निघाली. २०११ मध्ये नवी आली आणि १८ जानेवारी २०१९ रोजी तिसरी. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर बांधकाम नको हा नियम होता. २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत तो ५० मीटरवर आणला. खाडीकाठचे अंतरही १०० मीटरवरून ५० मीटर झाले, किंवा खाडीच्या रुंदीइतके, जे कमी असेल ते. घराला साधे स्वयंपाकघर जोडायलाही अडकलेल्या मच्छीमाराला या सवलतीतून थोडा श्वास मिळाला हे खरे. स्थानिक कुटुंबांना आपल्या असलेल्या घरात, जोते आणि दर्शनी रूप न बदलता, पर्यटक ठेवायची मुभाही त्यात आहे, तीही चांगली. खाडीकाठाची सवलत मात्र मला पटत नाही. खाडीचा काठ म्हणजे माशांचे पाळणाघर आणि पुराचे पाणी पसरायची जागा. तिथे सरकून बांधलेले घर पुढच्या वादळात आधी पाण्यात जाते आणि माणसे वाचवायचा खर्च सगळ्यांवर पडतो.

श्रीलंकेने याच वर्षांत काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिथला किनारा संवर्धन कायदा १९८१चा, आणि १९९०मध्ये पूर्ण किनाऱ्याचा पहिला आराखडा तयार झाला. विकसनशील देशांत हे फार लवकर घडले. दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर चुन्याच्या भट्ट्यांसाठी समुद्रातली प्रवाळे खणून काढायचा मोठा धंदा होता आणि त्यामुळे किनारा धुपत होता. बंदी घातली तरी धंदा पूर्ण थांबेना, कारण खणणाऱ्यांना दुसरे पोट नव्हते. त्सुनामी आली २००४च्या डिसेंबरात. संशोधकांना हिक्कडुवाच्या रक्षित प्रवाळांमागे पाणी २-३ मीटर उंचीचे आणि थोडेसेच आत आलेले आढळले. तिथून थोड्याच अंतरावर पेरलिया इथे, जिथे प्रवाळे खणली गेली होती, लाट कितीतरी उंच होती आणि पाणी किलोमीटरभराहून अधिक आत घुसले. याच पेरलियात भरलेली रेल्वेगाडी वाहून गेली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. चुना विकून मिळालेले पैसे आणि हे नुकसान एकाच वहीत कधी मांडले गेले नव्हते.

अशी एक वही आपल्या शेजारी गोव्यात जुन्या काळी चालत होती, आणि बँकेतल्या माणसाला ती पाहून हेवा वाटतो. गोव्याची खाजन शेती म्हणजे खाडीचे पाणी बांधाने अडवून मिळवलेली जमीन. बांधात ‘मानस’ नावाचे लाकडी दार असते. ओहोटीला आतले पाणी स्वतःच्या दाबाने दार उघडून बाहेर जाते, भरतीला बाहेरचे पाणी ते बंद करते. पावसाळ्यात आत खारे सोसणारे कोरगुट भात, मानशीपाशी कोळंबी-मासे, कुठे मिठागरे. गावकी मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव करायची आणि त्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी व्हायची. म्हणजे ज्या पाण्यातून कमाई, त्याच पाण्यावर खर्च, आणि दोन्हींचा हिशेब एका गावापुढे. १९६४च्या कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाले, ते न्याय्यच होते. पण बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेल्यावर कित्येक ठिकाणी मानशीचा मासेमारी लिलाव मोठा झाला आणि बांध दुर्लक्षित राहिले. फुटलेल्या बांधातून खारे पाणी शिरून शेते गेली.

मला खाजनातून हाच धडा आमच्या किनाऱ्यासाठी घ्यावासा वाटतो. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या, स्कूबा, पॅरासेलिंग, निवास या सगळ्यांतून पैसा येतो, शुल्कही गोळा होते. त्यातला ठरलेला वाटा त्याच गावच्या पुळणीवर, तिच्यावरची मर्यादवेल आणि केतकी राखण्यावर, गोड्या पाण्याच्या मोजणीवर, प्रवाळांवर नांगर पडू नये म्हणून बोटी बांधायच्या कायम खुणांवर खर्च झाला पाहिजे, आणि तो हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवला पाहिजे. चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारी व्यवस्थापन केंद्राने देशाचा किनारा वाळूच्या हालचालीप्रमाणे पट्ट्यांत वाटला आहे. एका पट्ट्यातली वाळू बहुतेक त्याच पट्ट्यात फिरते. बंधारा, धक्का आणि वाळूउपसा यांना परवानगी त्या पूर्ण पट्ट्याचा विचार करून द्यायची, गाव आणि खाते पाहून नव्हे, एवढे जरी झाले तरी पुष्कळ दगड वाचतील.

यासाठी नवे खाते लागणार नाही. २०११च्या अधिसूचनेने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा पातळीवर समिती घालून दिली आहे आणि तिच्यात स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी हवेत असे म्हटले आहे. त्याच अधिसूचनेत गावपातळीवरचे नकाशे मोठ्या प्रमाणात काढायला सांगितले आहेत. मच्छीमारांच्या वस्त्या, मासळी सुकवायच्या जागा, माशांच्या पैदाशीची ठिकाणे त्यावर दाखवायची आहेत. या नकाशावर जे नाही ते उद्या रिकामी जागा म्हणून कुणालाही देता येते. म्हणून निवृत्तीनंतर मी काही गावांतल्या बायकांबरोबर बसून या जागा उतरवून घेते आहे. त्यांतल्या एका काकींनी पहिल्याच दिवशी सांगितले, “गो बाय, माका नकाशो वाचूक येणा नाय, पण माझी सुकत घालूची जागा माका ठावक आसा.” मग आम्ही पुळणीवर चालत गेलो आणि त्यांनी काठीने रेघा मारल्या. बांगडे सुकवायचा खळा, होड्या ओढायची चढण, रापणीचे दोन खुंट, गोड्या पाण्याची विहीर, पावसाळ्यात पाणी भरते तो सखल भाग.

त्या रेघा मोबाइलवर टिपून, तलाठ्याच्या नकाशाशी जुळवून, ग्रामसभेचा ठराव जोडून जिल्हा समितीकडे द्यायच्या आहेत. सोबतच्या अर्जात आम्ही मागितले आहे की समितीवरचे मच्छीमार प्रतिनिधी कोण आहेत ते प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीत नावानिशी लावावे, त्यांत एक तरी मासे विकणारी बाई असावी, आणि बंधारा, धक्का किंवा वाळूच्या लिलावाचा प्रस्ताव बैठकीत येण्यापूर्वी मराठीत, नकाशासह, गावात पोहोचावा. अर्जावर सह्या घ्यायचे काम सध्या मासळी बाजारात, सकाळचा लिलाव आटोपल्यावर चालू आहे.